रुळांच्या मधोमध जायचं कसं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या दोंडाईच्यात लहानाचा मोठा झालेला माणूस रुळांपाशी थांबायला शिकलेला असतो. शाळेची घंटा कानावर येत असताना मी फाटकाशी थांबलेलो आहे. मिरचीची पोती लादलेल्या बैलगाड्यांच्या मागे थांबलो आहे. एकदा एका जनाज्याबरोबरही थांबलो आहे. मालगाडी जाईस्तोवर माणसं खांदा बदलत उभी होती. अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं आहे आणि मध्ये रूळ आहेत, हा प्रश्न आमच्या भागाला तापी व्हॅली रेल्वेची गाडी सुरतेहून अमळनेरकडे धावू लागली तेव्हापासून, म्हणजे १९०० च्या आसपासपासून ठाऊक आहे.

आज मी ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे तो याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. इतका धाकटा, की मोजायचा झाला तर मूळ प्रश्नाचा सत्त्याऐंशीवा हिस्सा.

माझा एक मित्र रेल्वेच्या सिग्नल खात्यात अडतीस वर्षं काढून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, शेतात विहीर खणतात. यानं घरातल्या दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत रेल्वे घातली. चारही भिंतींना लागून फळ्या, फळ्यांवर रूळ, रुळांवर बोटभर उंचीचे डबे, पुठ्ठ्याची स्टेशनं, काडेपेटीएवढी केबिन. अशा देखाव्याला शौकीन मंडळी ले-आउट म्हणतात. मी आपला मांडणी म्हणतो. नातीला उभ्यानं दिसावं म्हणून त्यानं फळ्यांची उंची अडीच फूटच ठेवली. गाडी खोलीभर गोल फिरते, तेव्हा फळी दारासमोरूनही जाते. दार बाहेर उघडतं म्हणून हे जमलं. गाडी चालवायची तर मधोमध उभं राहावं लागतं, आणि मधोमध पोचायचं तर दारातल्या फळीखालून रांगत.

दोन वर्षं तो रांगला. मग एके दिवशी मला बोलावून म्हणाला, "शायर, आते मन्हा गुडघा वाकत नही." डॉक्टरांनी जमिनीवर बसायलाच बंदी केली होती. स्वतःच्या हातानं बांधलेली रेल्वे हा गृहस्थ आठ दिवस दारात उभा राहून बघत होता. दारातून हात पोचेल तेवढ्याच गाड्या त्याच्या. पलीकडच्या भिंतीवरच्या नंदुरबार स्टेशनात एक डबा रुळावरून घसरलेला होता, तो तसाच. "तू पुस्तकं वाचतोस, बघ जरा, जगात लोकांनी काय केलंय."

मी साधा बी.ए. माणूस. बिजागरी आणि कडी यांतला फरक कळतो एवढंच माझं इंजिनिअरिंग. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की मित्राच्या गुडघ्याला चांगला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. जर्मनीतल्या मॅर्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली, तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे होते आणि पुढे आणखी रूळ विकत घेऊन ते वाढवता येत. खेळण्यातली गाडी त्याआधीही होती. तिला 'लाइन' मिळाली ती इथे. या गाड्या मोठ्या असत आणि जमिनीवर मांडल्या जात. मूल मध्ये बसे, गाडी त्याच्याभोवती फिरे. बाहेर यायचं तर रूळ ओलांडून एक पाऊल टाकायचं, झालं. आई जेवायला हाक मारी तेव्हा रूळ गोळा करून पेटीत.

अमेरिकेत तर विजेची गाडी आधी मुलांसाठी नव्हतीच. जोशुआ लायोनेल कॉवेन या न्यूयॉर्कच्या माणसानं १९०१ साली दुकानाच्या काचेत ठेवायला एक गाडी केली. तिच्या उघड्या डब्यात माल ठेवून गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायचं. गिऱ्हाइकानं माल सोडून गाडीच मागितली. लायोनेल हे नाव पुढे अमेरिकेत घराघरांत गेलं ते त्यामुळे.

आपल्याकडचा याच्याही शेजारी बसवावा असा नमुना ग्वाल्हेरला आहे. महाराज माधवराव शिंदे (निधन १९२५) यांना रेल्वेचं वेड होतं. त्यांच्या संस्थानात दोन फुटी रुळांची खरीखुरी ग्वाल्हेर लाइट रेल्वे धावत होती, आणि जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी गाडी. ती पाहुण्यांपुढून मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरायची. कुणी सुरई उचलली की गाडी थांबे, ठेवली की पुढे निघे. गाडी आणि टेबल अजून महालात बघायला मिळतात. मला या गाडीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या खेळात माणूस आत आणि रूळ बाहेर. महाराजांच्या टेबलावर रूळ आत आणि माणसं बाहेर, भोवतीनं खुर्च्यांवर. मधली जागा कुणालाच नको होती, त्यामुळे तिथे जायची वाट काढायचाही प्रश्न नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो १९३५ नंतर. त्या वर्षी मॅर्कलिन आणि ट्रिक्स या दोन जर्मन कंपन्यांनी आधीच्या 'शून्य' मापाच्या साधारण निम्म्या आकाराची विजेची गाडी बाजारात आणली. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या निम्म्या मापाला पुढे 'एच-ओ' म्हणू लागले, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. १९३८ साली इंग्लंडात हॉर्नबीनं तशाच रुळांवरची गाडी आणली. इतकी लहान गाडी जमिनीवर ठेवली तर धूळ, केस, पाय सगळंच तिच्या वाटेत येतं. म्हणून ती टेबलावर चढली. टेबलावर चढली म्हणजे कायमची मांडून ठेवता आली. कायमची झाली म्हणजे डोंगर, पूल, घरं आली. आणि मुलाच्या हातून ती बापाच्या हातात गेली.

आता एक साधी गोष्ट बघा. माणसाचा हात उभ्यानं, वाकून, समोरचं काही न पाडता फार तर अडीच फूट आत पोचतो. खाली पडलेला डबा उचलायचा, सांधा साफ करायचा, तर तेवढीच हद्द. म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहिलं तरी पाच फुटांहून रुंद टेबल झालं की मधला पट्टा हाताबाहेर. टेबल भिंतीला टेकवलं तर अडीच फुटांतच संपलं. पण गाडीला गोल वळायला जागा लागते, आणि वळण जितकं ऐसपैस तितकी गाडी खरी वाटते. हाताला टेबल अरुंद हवं, गाडीला रुंद. या भांडणातून लोकांनी टेबलाच्या मधोमध भोक पाडलं आणि त्यात उभं राहायला सुरुवात केली. मी त्याला विहीर म्हणतो. विहिरीत उतरायला पायऱ्या नाहीत. टेबलाखालून वाकून, रांगून जायचं आणि मधून डोकं वर काढायचं. परातीत लाडू ठेवावा तसा माणूस मध्ये दिसतो.

टेबलाखालच्या या दुनियेचीही एक मजेदार हकिगत आहे, थोडं विषयांतर करून सांगतो. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी रेल्वे मॉडेलचा क्लब काढला. त्यात दोन तट पडले. काहींना वर डोंगर-घरं रंगवायची हौस, काहींना टेबलाखाली तारांच्या जंजाळात पडून राहायची. ही खालची मंडळी टेलिफोन कंपनीचे जुने रिले जोडून एकाच मांडणीवर अनेक गाड्या अनेकांना चालवता याव्यात अशी करामत करत. चतुराईनं जमवलेल्या जोडणीला ते 'हॅक' म्हणत. त्यांच्यातलेच काही पुढे संगणकाकडे वळले, आणि 'हॅकर' हा शब्द त्यांच्या बोलीतून जगभर गेला. आज बँकेचा संदेश वाचताना ज्या शब्दाची धास्ती वाटते तो शब्द आगगाडीच्या टेबलाखालून आलेला आहे. पण ती मुलं वीस वर्षांची होती. विशीत टेबलाखाली जाणं हा पराक्रम, साठीत ती शिक्षा.

माझा अंदाज असा, की या छंदाला वाट सुचली ती छंद करणारे म्हातारे होऊ लागले म्हणून. अमेरिकेत या विषयाचं 'मॉडेल रेलरोडर' नावाचं मासिक १९३४ पासून निघतं. तेव्हा तिशीत असलेले वाचक १९६० च्या सुमारास साठीकडे झुकले असणार. गुडघ्यांनी तक्रार केली आणि डोक्यांनी काम सुरू केलं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नाही, मित्राच्या चालण्याकडे बघून म्हणतो.

पण केवळ गुडघा हे कारण नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४ साली या मासिकात लेखमाला लिहिली. मांडणी म्हणजे रंगभूमी, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे नाटकाची संहिता, अशी त्यांची भूमिका. गोल गोल फिरणाऱ्या गाडीला काही काम नसतं. इकडून माल उचलून तिकडे पोचवणाऱ्या गाडीला असतं. हे एकदा पटलं की विहीर अपुरी पडते. विहिरीतल्या माणसाला सगळी स्टेशनं एकदम दिसतात. गाडी 'गेली' असं त्याला कधी वाटतच नाही, कारण ती मागच्या बाजूनं परत येताना त्याला मान वळवून दिसते. मुशायऱ्यात रदीफ पुन्हा येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्यातच मौज असते, हे खरं. पण प्रवास म्हणजे गझल नव्हे. प्रवासात पुढचं स्टेशन दिसता कामा नये.

हे गणित मांडलं जॉन आर्मस्ट्राँग यांनी. नौदलाच्या शस्त्रसंशोधनात काम करणारे हे इंजिनिअर २००४ साली वारले. रूळ कसे आखावेत यावरचं त्यांचं १९६३ चं पुस्तक या छंदात अजून प्रमाण मानतात. त्यांची रीत मला फार आवडली. आधी काय बदलता येणार नाही ते लिहा : खोली, दार, खिडकी, खांब. मग मनात काय आहे ते लिहा. नंतर खोलीच्या कागदी नकाशावर चौकोन पाडा, आणि चौकोनाची बाजू आपल्या गाडीच्या सर्वांत लहान वळणावरून ठरवा. किती चौकोन बसतात त्यावरून कळतं, की मनातलं किती खरं होणार. त्यांचा दुसरा आग्रह असा की माणूस एका जागी कैद नको, त्यानं गाडीबरोबर चालावं. रुळांचं कडं तोडायचं, नालेसारखं उघडं ठेवायचं, आणि त्या उघड्या तोंडातून माणसानं ताठ मानेनं आत शिरायचं. गाडी भिंतीच्या कडेनं पुढे जाईल, माणूस बोळातून तिच्याबरोबर. ट्रान्झिस्टर आले तसा गाडीचा वेग सांभाळणारा डबा हातात मावू लागला, लांब तारेनं जोडता आला, पुढे तारही गेली. त्यामुळे आर्मस्ट्राँग यांची कल्पना कागदावरून खोलीत उतरू शकली.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथले जॉन ॲलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले होते. खोलीत शिरणारा माणूस दरीतच शिरे. ॲलन जानेवारी १९७३ मध्ये गेले आणि काही दिवसांतच ती सगळी मांडणी आगीत जळाली. राहिले ते फोटो. ते बघताना रूळ बाजूला राहतात आणि नजर बोळाकडे जाते.

कडं तोडण्याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती मित्रानं मला खडूनं फरशीवर आखून समजावली. कडं तोडलं की गाडी टोकाला जाऊन अडते. तिला परत फिरवायचं तर दोन्ही टोकांना फुग्यासारखं गोल वळण द्यायचं. दोन रुळांवर एकात धन आणि एकात ऋण वीज असते. फुग्यातून फिरून डावा रूळ परत येतो तो नेमका उजव्याला भेटतो, आणि ठिणगी. म्हणून फुग्याचे रूळ कापून वेगळे करायचे आणि गाडी आत असताना वीज उलटी करायची. हे तो अर्ध्या तासात करेल. अडचण होती जागेची. अठरा इंच त्रिज्येचं वळण घेतलं तर कडेच्या जागेसह एक फुगा साडेतीन फुटांचा. दार दहा फुटी भिंतीत. दोन फुगे सात फूट, मधे तीन फुटांची वाट. छान! पण आपल्या एक्स्प्रेसचा जुना निळा डबा एकवीस मीटरहून थोडा लांब, म्हणजे या मापात जवळजवळ पंचवीस सेंटीमीटर. असे चार डबे अठरा इंचांच्या वळणावर बिचकतात, त्यांचे कोपरे बाहेर लोंबतात. चोवीस इंचांचं वळण हवं. मग एक फुगा साडेचार फुटांचा, दोन मिळून नऊ, वाट उरली एक फूट. तिच्यातून घरची मांजर गेली असती.

तसं पाहिलं तर नालेचा आकार आमच्या लाइनीला शोभणारा होता. सुरत-जळगाव लाइन काही गोल नाही. ती तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सत्त्याऐंशीनं भागलं तरी साडेतीन किलोमीटर भरते, म्हणजे मित्राच्या खोलीतून निघून गावाबाहेर शेतात जाईल. रुळांचंही तसंच. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिचा सत्त्याऐंशीवा भाग एकोणीस मिलिमीटरच्या वर जातो. बाजारात मिळतात ते साडेसोळाचे, युरोप-अमेरिकेच्या अरुंद रुळांवरून काढलेले. लबाडी सगळीकडेच आहे. त्यात गोल फिरण्याची आणखी एक, असं तो म्हणाला. "चहा पिताना गाडी आपोआप फिरली पाहिजे. इतकी वर्षं माझ्यामुळे गाड्या थांबल्या, आता थांबायला नको." यावर मला बोलता येईना.

निर्णयाआधी आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. तिथे कर्वे रस्त्याच्या परिसरात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून ते उभं केलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. स्वतःच्या हौसेला एवढा मोठा दरवाजा ठेवणारी माणसं महाराष्ट्रात थोडी. दिवसाची रात्र होते, घराघरांत दिवे लागतात, रोपवे चालतो, सर्कस फिरते, आणि गाड्या आपापल्या वेळी निघतात. लहान मुलं श्वास रोखून बघतात. माझ्या शेजारचे एक आजोबाही तसेच बघत होते. पण तो खेळ आहे, प्रेक्षकांसाठी रचलेला. तिथे माणसानं बाहेर असणं हेच बरोबर आहे. मित्र मात्र परतताना गाडीत म्हणाला, "बघायला मला बोलावू नको रे, चालवायला बोलाव." त्याला गाव मधून बघायचं होतं.

हॅम्बुर्गच्या 'मिनिआटुर वुंडरलँड'बद्दल वाचलं तेव्हा या वाक्याचा अर्थ मला जास्त कळला. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ साली एका जुन्या गोदामात ते सुरू केलं, आणि आज ते या प्रकारातलं जगातलं सर्वांत मोठं समजतात. प्रेक्षक नागमोडी बोळांतून चालतात. पण मधेच काही बिघडलं तर काम करणारी माणसं खालून येतात, झाकण उघडतं आणि आल्प्सच्या डोंगरातून एक धड वर निघतं. इतका पैसा, इतकी जागा, इतके संगणक, आणि शेवटी टेबलाखालून जाणं सुटलेलं नाही. हे ऐकून मित्राला बरं वाटलं.

उरला पर्याय फाटकाचा. दारातल्या अडीच फुटांत फळी कापायची आणि तो तुकडा हलता करायचा. याचेही प्रकार आहेत. तुकडा उचलून बाजूला ठेवता येतो, पण ठेवायचा कुठे? आम्ही पहिल्यांदा तेच केलं. तो तुकडा आधी पलंगावर, मग पलंगामागे आणि शेवटी नातीच्या पायावर. गोठ्याच्या फाटकासारखा आडवा फिरवता येतो. पण सुतार म्हणाला, वजनानं महिन्याभरात टोक खाली येईल, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक रुळांना चालत नाही. शेवटी पूल करायचा ठरला, एका बाजूला बिजागरी आणि दुसरी बाजू वर उचलायची. आमच्या दोंडाईच्याची अमरावती नदी मांडणीत कुठेच नव्हती. ती आता दारात आली. पुलाखाली नदी म्हणजे फरशी.

बिजागरीत एक गोम आहे. ती रुळांच्या खाली किंवा बरोबरीला बसवली, तर पूल उचलताना त्याच्या रुळाचं टोक मागच्या स्थिर रुळात घुसतं आणि दोन्ही वाकतात. तीच बिजागरी ठोकळ्यावर, रुळांच्या डोक्यापेक्षा उंच बसवली तर पूल उचलताना टोक आपोआप दूर सरकतं. वाचायला सोपं वाटतं. सुतार, मित्र आणि मी, तिघं मिळून पुठ्ठ्याचा नमुना करून बघेपर्यंत आम्हाला ते पटलं नव्हतं. मोकळ्या बाजूला पितळी टॉवर बोल्ट बसवले, आपण संडासाच्या दाराला लावतो तेच. बोल्ट पूल जागच्या जागी धरतो आणि त्याच पितळेतून पुलावरच्या रुळांना वीजही जाते. बोल्ट लावला नाही तर पूल मेलेला.

आणि पूल उघडा असताना गाडी आली तर? इथे माझ्या मित्राच्या अडतीस वर्षांचा उपयोग झाला. इंग्लंडात जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून रेल्वेचं हे शास्त्र वाढत आलं आहे : वाट सुरक्षित असल्याशिवाय सिग्नल पडूच शकत नाही, माणसानं कितीही जोर केला तरी. सिग्नलशी जोडलेल्या फाटकांतही तेच तत्त्व. फाटक लागून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. मित्रानं बोल्टच्या मागे एक छोटा लिमिट स्विच ठेवला. बोल्ट सरकला की पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फूट रुळांची वीज बंद. इंजिन त्या पट्ट्यात आलं की उभं. दहा वेळा करून बघितलं. दहा वेळा इंजिन काठावर थांबलं.

अकराव्या वेळी नात चालवत होती. तिनं गाडी उलटी नेली, इंजिन मागे आणि चार डबे पुढे. पूल उघडा होता. मित्र दारात चहाची बशी घेऊन उभा. इंजिन शहाण्यासारखं बंद पट्ट्यात येऊन थांबलं, पण तोवर त्याच्या पुढचे डबे दोन फूट कधीच ओलांडून गेले होते. पहिला डबा फरशीवर गेला, दुसरा लोंबकळत राहिला. पहिला डबा त्यानं स्वतः पत्रा कापून केलेला, त्याच्या वडिलांच्या आठवणीसाठी. वडील याच लाइनीवर वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. डब्याची एक बाजू आत गेली. पोरगी रडायला लागली. मला वाटलं आता हा चिडणार. तो खाली बसायचं नाही हे विसरून फरशीवर बसला, डबा उचलला आणि मला म्हणाला, "शायर, चूक तिची नाही, चूक माझी. ढकलून येणारी गाडी मी धरलीच नव्हती. खात्यात असतो तर मेमो मिळाला असता." मग आम्ही दोघांनी त्याला उठवायला दहा मिनिटं घेतली.

चार डबे म्हणजे एक मीटर. बंद पट्टा दोन्ही बाजूंना साडेचार फुटांचा झाला. त्यानंतर अजून काही पडलेलं नाही.

पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, हे पहिल्या जूनमध्ये कळलं. रुळांची टोकं एकमेकांना भिडली आणि पूल खाली बसेना. पुलाचा सांगाडा आम्ही खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचा केला, तरी बाजूच्या फळ्या लाकडीच आहेत. त्यामुळे जुलैत त्याला कानस लागते आणि दिवाळीनंतर फट इतकी वाढते, की चाकं टकटक वाजतात. त्याला ती टकटक आवडते. खऱ्या रुळांचे जोड वाजायचे तशी, म्हणतो. आता लांब वेल्डिंगचे रूळ आले, दुहेरी लाइन झाली, वीज आली, ती टकटक आमच्या स्टेशनावर पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

परवा गेलो तेव्हा तो आत खुर्ची टाकून बसला होता. चालत गेला होता. नंदुरबारला घसरलेला डबा केव्हाच रुळावर आलेला दिसला. नात दारात, पुलापाशी, गेटमन म्हणून स्टुलावर. खरं फाटक बंद झालं की गेटमन स्टेशनमास्तरला टेलिफोनवर एक गुप्त आकडा सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नसते. आजोबांनी तिला वहीच्या पानावर आकडे लिहून दिले आहेत, एक वापरला की खोडायचा.

"गेट बंद?" त्यानं आतून विचारलं.

तिनं बोल्ट सरकवला, तो जरा अडला, तिनं तळव्यानं ठोकला. मग वहीत बघून म्हणाली, "बंद. नंबर सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस," त्यानं लिहून घेतलं आणि गाडी सोडली.